पन्नासची स्वस्त लेन्स आणि तांबट आळीतला उजेड

[दृश्य: कसबा पेठ, पुणे. हातोड्याचे ठोके. बोळातून कारखान्याच्या दाराकडे.]

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी. पेशवाईत कोकणातून आलेले त्वष्टा कासार इथं वसले. तांब्याच्या भांड्यावर ठोक्याशेजारी ठोका बसवत जायचं मठारकाम इथं आजही हातानं होतं. कारखाना म्हणजे एक खोल खोली. पुढं दार, मागं काळोख. दाराशी बसलेल्या कारागिराच्या एका गालावर भरपूर उजेड, दुसरा गाल सावलीत. पोर्ट्रेटसाठी असा उजेड स्टुडिओत मुद्दाम तयार करावा लागतो.

कॅमेरा आहे कॅनन इओएस आर५०, लेन्स आरएफ ५० मिमी एफ १.८ एसटीएम. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. ही लेन्स २०२० च्या नोव्हेंबरात आली, तेव्हा तिची किंमत होती १९९ डॉलर. वजन १६० ग्रॅम, पुढच्या फिल्टरचा व्यास ४३ मिमी. आर५० चा सेन्सर एपीएस-सी आकाराचा आहे, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान, त्यामुळे ५० मिमीची ही लेन्स फुल फ्रेमवरच्या ८० मिमीइतकाच भाग दाखवते. म्हणजे साध्या पन्नासची झाली पोर्ट्रेट लेन्स.

[दृश्य: किट लेन्स काढून पन्नास लावणारे हात.]

आधी उजेडाचा हिशोब. या कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-४५ ची किट लेन्स ४५ मिमीला जास्तीत जास्त एफ ६.३ इतकीच उघडते. एफ १.८ तिच्या बारा पट उजेड आत घेते. कारखान्याच्या मधल्या भागात, शटर १/१२५ सेकंद ठेवून, पन्नासला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १२५० पुरतो. तिथंच किट लेन्सला १६००० च्या आसपास जावं लागतं, आणि तेवढ्या आयएसओला कातडीचा पोत रवाळ होऊन जातो. नव्या माणसाला एफ १.८ म्हटलं की धूसर पार्श्वभूमी आठवते. या खोलीत एफ १.८ चा पहिला उपयोग मात्र हा जास्तीचा उजेड आहे.

एक चीज मात्र किट लेन्समध्ये असते आणि हिच्यात नसते: स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय. आर५० च्या बॉडीतही ते नाही. म्हणून हातात धरून काढताना शटर १/१२५ च्या खाली नेऊ नये. कारागिराचा हात चालू असेल तर १/५००.

[दृश्य: मान खाली घालून ठोके देणारे काका. छताला एलईडी ट्यूब.]

पण ट्यूब चालू ठेवून १/५०० ला फोटो काढला, की फ्रेमवर आडवे पट्टे उमटू शकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बऱ्याच स्वस्त ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. १/१०० किंवा १/५० ठेवलं तर पट्टे जातात, पण हातोडा हललेला दिसतो. यावर सगळ्यात सोपा इलाज म्हणजे, "काका, जरा ट्यूब बंद करू का?" दाराचा उजेड पुरतो, आणि चेहऱ्यावर दोन रंगांचे उजेड मिसळायचे तेही थांबतं.

रंगाचं आणखी एक कारण मांडीवरच आहे. घासून चकचकीत झालेलं तांबं खालून हनुवटीवर नारिंगी झाक टाकतं. ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारी सोय) ती झाक काढायला जातो आणि सगळा चेहरा निळसर करून ठेवतो. इथं 'शेड' हा प्रीसेट लावावा आणि फाइल रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) घ्यावी. हनुवटीवरची झाक राहू द्यावी, ती त्या जागेची आहे.

एक्स्पोजरमध्येही कॅमेरा फसतो. मागची काळोखी खोली पाहून त्याला वाटतं, उजेड कमी आहे. तो फोटो उजळ करतो आणि उजेडाकडचा गाल पांढरा पडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) उणे २/३ ते उणे १ करावं. आर५० सारख्या मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याचा मोठा फायदा इथं कळतो: व्ह्यूफाइंडरमध्ये परिणाम बटण दाबण्याआधीच दिसतो.

[दृश्य: जमिनीवर खडूच्या खुणा. १ मीटर, १.५ मीटर, २.५ मीटर.]

आता अंतर. या लेन्सबद्दल एकच गोष्ट शिकायची असेल तर ती अंतराची.

कॅमेरा उभा धरला आणि दीड मीटरवर बसलं, तर फ्रेममध्ये साधारण ६५ सेंटिमीटर उंचीचा भाग येतो: डोक्यापासून छातीपर्यंत. अडीच मीटरवर कमरेपर्यंतचा माणूस येतो. उभा माणूस पूर्ण हवा असेल तर चार मीटर लागतात, आणि जुन्या वाड्यातल्या खोलीत तेवढी जागा सहसा नसते. १ मीटरच्या आत चेहरा घेऊ नये. नाक मोठं आणि कान मागं गेलेले दिसतात, आणि तो दोष लेन्सचा नाही, जवळ गेल्याचा आहे.

दीड मीटरवर एफ १.८ ला फोकसमध्ये राहणारी जागा असते सुमारे ६ सेंटिमीटर. १ मीटरवर ती अडीच सेंटिमीटर उरते. जवळचा डोळा स्पष्ट, लांबचा मऊ, कान गेलेले. कारागीर ठोका देताना पुढं-मागं डुलतो, तेवढ्यात चेहरा या जागेतून बाहेर पडतो. म्हणून फोकस सर्व्होवर (हलत्या माणसाच्या मागं सतत जाणारा) ठेवावा, माणूस ओळखणं आणि डोळा ओळखणं दोन्ही चालू, आणि एकाऐवजी सलग चार-पाच फ्रेमचा बर्स्ट. फोकस मध्यभागी धरून मग कॅमेरा वळवायची जुनी डीएसएलआरची सवय इथं सोडावी. १ मीटरवर कॅमेरा १० अंश वळवला तर फोकस डोळ्याच्या दीड सेंटिमीटर मागं पडतो, आणि मागच्या बाजूला फोकसची जागा असते जेमतेम सव्वा सेंटिमीटर.

चष्मा असेल तर डोळा ओळखणारा फोकस कधी कधी काडीवर किंवा काचेतल्या दाराच्या प्रतिबिंबावर बसतो. अशा वेळी स्क्रीनवर बोटानं डोळा निवडावा आणि फोटो काढल्यावर तो मोठा करून पापणी तपासावी. लहान स्क्रीनवर सगळंच धारदार दिसतं.

[दृश्य: काका भिंतीजवळ. मग तेच काका भिंतीपासून तीन मीटर पुढं, दाराशी.]

धूसरपणा पाहा. दोन्ही वेळा एफ १.८, दोन्ही वेळा कॅमेरा दीड मीटरवर. भिंत पाठीमागं अर्ध्या मीटरवर असताना खुंटीवरची पक्कड ओळखू येते. काकांना भिंतीपासून तीन मीटर पुढं घेतलं की धूसरपणा अडीच पटींहून वाढतो आणि पक्कड नाहीशी होते. महागडी एफ १.२ लेन्स घेण्याआधी माणसाला दोन पावलं पुढं बोलावून बघावं.

त्यामुळेच एफ १.८ वर अडून राहायची गरज नसते. पूर्ण उघडी असताना ही लेन्स थोडी मऊ असते. काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर, जसं पांढरी टोपी आणि काळोख, तिथं जांभळी आणि हिरवी कड येते. एफ २.८ ला ती बरीचशी जाते. मात्र लेन्सचं छिद्र लहान-मोठं करणारी पाती सातच, त्यामुळे मागचे दिवे गोल न राहता सप्तकोनी होऊ लागतात. या आळीतला चेहरा एफ २.२ ला बसतो: १/२५०, आयएसओ ४००, दाराशी.

[दृश्य: दुपार. उन्हात वाळणारी भांडी, मागं चमचमणारे ठिपके.]

उन्हात मात्र हीच लेन्स अडवते. भर दुपारी आयएसओ १०० ला एफ १.८ साठी शटर १/८००० च्या जवळ लागतं. आर५० मध्ये पूर्ण यांत्रिक शटर नाही. सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट यांत्रिक पडद्यानं, आणि ती जोडी १/४००० वर संपते. त्याआधीच, साधारण १/२००० च्या पुढं, वेगळी गंमत होते: मागच्या चमकत्या ठिपक्यांची एक कड कापल्यासारखी दिसते. कारण पडदा सेन्सरच्या किंचित पुढं असतो. उघड्या लेन्समधून तिरक्या येणाऱ्या किरणांपैकी काही तो लवकर अडवतो. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर निवडलं तर ठिपके गोल राहतात, पण हलता हातोडा वाकडा होतो.

उपाय ४३ मिमीचा एनडी८ फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी गडद काच. तीन स्टॉप उजेड कमी होतो (आठवा हिस्सा उरतो), शटर १/१००० ला येतं, दोन्ही कटकटी मिटतात. फिल्टरचा व्यास लहान असल्यानं तो महागही पडत नाही. आणि उन्हात हूड (तिरका उजेड अडवणारी लेन्सपुढची कड) लावावंच. या लेन्सचं ईएस-६५बी हूड वेगळं विकत घ्यावं लागतं, ते बहुतेक जण टाळतात, आणि मग दारातून तिरका उजेड आला की काळोख राखाडी होतो.

[दृश्य: भांड्यावरचे ठोके, अगदी जवळून.]

लेन्स ३० सेंटिमीटरपर्यंत फोकस करते. तिथं फ्रेम सुमारे ९ बाय ६ सेंटिमीटरची, आणि एफ १.८ ला स्पष्ट राहणारी जागा जेमतेम दीड मिलिमीटर. एक ठोका स्पष्ट, शेजारचा नाही. एफ ५.६ ला ती चार मिलिमीटरच्या वर जाते. भांडं गोल असल्यानं तेही कमी पडतं, पण ठोक्यांची एक रांग तरी हाती लागते.

जवळचा फोकस घेताना लेन्सचा आतला नळ पुढं येतो. तो तसाच असताना बॅगेत कोंबला, दाबला गेला, की आतल्या गिअरला इजा होते. मेन्यूत 'कॅमेरा बंद करताना लेन्स आत घ्या' हा पर्याय चालू ठेवावा. बाजूच्या बटणाकडेही लक्ष असावं: ते 'कंट्रोल'वर राहिलं आणि रिंगला एक्स्पोजर जोडलेलं असलं, तर नकळत रिंग फिरते आणि उजेड का बदलतोय ते कळत नाही. धूळ-पाण्यापासून सील नाही. तांब्याची पूड उडत असेल तिथं लेन्स बदलू नये.

[दृश्य: बाप आणि लेक, एकाच ऐरणीपाशी.]

दोन चेहरे आले की सगळं बदलतं. तीन मीटरवर एफ १.८ ला जागा पाव मीटर. लेक जरा मागं बसला की तो गेला. एफ ४ ला ती अर्धा मीटर होते. दोघांचे डोळे सेन्सरला समांतर एका रेषेत आणावेत, एफ ४, आयएसओ १६००, आणि फोकस पुढच्या माणसावर. आणि ऐरण, भट्टी, भिंतीवरची भांडी हे सगळं फ्रेममध्ये हवं असेल, तर पन्नास बॅगेत ठेवावी आणि किट लेन्स पुन्हा लावावी.