बटाट्यावरचा फेस आणि कुळागरातला मोरचूद

(गोव्यातल्या साखळी गावी शेतकरी आणि विद्यार्थ्यांसमोर झालेलं व्याख्यान, थोडं आटोपशीर करून)

मंडळी, आधी हे ताट बघा. बटाट्याच्या तीन फोडी आहेत. पहिली कच्ची, दुसरी उकडलेली, तिसरी कच्चीच पण रात्रभर मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराच्या, पाण्यात ठेवलेली. आता तिन्हींवर फार्मसीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड ओततो, जखम धुवायला वापरतात तेच. पहिली बघा, सोडा फुटल्यासारखा फेस. उकडलेलीवर काहीच नाही. आणि तिसरीवर? येतोय, पण मरगळलेला.

हा फेस करणारं एन्झाईम, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं झटपट उरकणारं प्रथिन, त्याचं नाव कॅटालेज. याचा एक रेणू सेकंदाला लाखो पेरॉक्साइडचे रेणू फोडतो, पाणी आणि ऑक्सिजन वेगळे. झाडाला ह्याची गरज काय? तर पान उन्हात काम करतं तेव्हा पेरॉक्साइड आतच तयार होत असतं, जशी चूल पेटली की राख होणारच. ती राख काढणारी माणसं म्हणजे कॅटालेज, पेरॉक्सिडेज, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज. नावं विसरलात तरी चालेल, परीक्षा नाहीये.

आता गंमत अशी की कॅटालेजच्या पोटात लोखंड असतं, आणि वांगं चिरून ठेवलं की जे काळं पडतं ते करणाऱ्या एन्झाईमच्या पोटात तांबं. म्हणजे धातू झाडाचा वैरी नाही, धातूशिवाय ही एन्झाईमं चालतच नाहीत. भानगड होते ती धातू मोकाट सुटला की. एन्झाईममध्ये गंधकाच्या काही जागा असतात, मोकाट तांबं, शिसं, कॅडमियम तिथे जाऊन चिकटतं आणि एन्झाईमचा आकारच बिघडतो. शिसं हरितद्रव्य बनवण्याच्या साखळीतलं एक एन्झाईम अडवतं, पान पिवळं पडतं. तेच एन्झाईम आपल्या रक्तातही आहे, तिथेही शिसं त्याच्याच मुळावर येतं.

आपल्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, किंवा मायनिंगचा गाळ आलेल्या शेतात, पाणी साचलं की जमिनीतलं लोखंड विरघळतं. भात हुशार, मुळातून थोडा ऑक्सिजन बाहेर सोडतो आणि लोखंडाला बाहेरच गंजवतो, म्हणून रोप उपटलं की मुळं तांबूस दिसतात. पण फारच झालं तर लोखंड आत शिरतं, पेरॉक्साइडशी भिडतं आणि हायड्रॉक्सिल नावाचा असा उपद्व्यापी कण तयार होतो की त्याला आवरणारं एन्झाईम झाडाकडेच काय, कोणाकडेच नाही. मग खालच्या पानांवर टोकापासून तपकिरी ठिपके. लोक रोग समजून औषध मारतात.

कुळागरवाल्यांना, म्हणजे सुपारीच्या बागा असलेल्यांना, माहीत असेल, सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारतो आपण, शंभर लिटरला एक किलो मोरचूद एक किलो चुना. ही युक्ती फ्रान्समधल्या बोर्दो भागातली, रस्त्याकडेची द्राक्षं लोकांनी चोरून खाऊ नयेत म्हणून वेलींवर हे निळं फासायचे, मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाला दिसलं की त्याच वेली रोगातून वाचल्या, 1885 मध्ये त्यानं ते जाहीर केलं. चुना काय करतो? तांब्याला बांधून ठेवतो. आपले जुने लोक मिश्रणात कोयता बुडवून बघायचे, पात्यावर तांबूस थर आला तर अजून चुना घाला. केमिस्ट्री न शिकता मोकाट तांबं मोजत होते की!

झाड स्वतःही हेच करतं. कॅडमियम आत आलं (काही फॉस्फेट खतांतून येतं ते) की एक एन्झाईम त्या धातूमुळेच जागं होतं आणि गंधकवाल्या छोट्या साखळ्या विणतं, फायटोकेलाटिन म्हणतात त्यांना, त्यात धातू गुंडाळून पेशीच्या कोठीत टाकून देतं. सोबत राख काढणारी एन्झाईमंही वाढतात. म्हणून पानाच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये पेरॉक्सिडेज वाढलेलं दिसलं की झाड सुदृढ आहे असं समजू नका, ते झुंजतंय. विष अजून वाढलं की आकडा धाडकन खाली येतो.

शेवटी एकानं चिठ्ठी पाठवलीय, “दोन औषधं एकाच पंपात घातली तर काय होतं सर?” चांगला प्रश्न. प्रोपॅनिल नावाचं तणनाशक आहे, भातावर मारलं तरी भात मरत नाही, कारण भाताकडे ते फोडणारं एन्झाईम आहे, शेजारच्या तणाकडे ते पुरेसं नाही. पण त्याच सुमाराला कार्बारिल किंवा मॅलॅथिऑनसारखं कीटकनाशक मारलं, तर ते कीटकनाशक भाताचं तेच एन्झाईम अडवतं आणि मग तणाबरोबर भातही करपतो. दोन्ही बाटल्या आपापल्या जागी बरोबर होत्या. तेव्हा पंपात दुसरी बाटली ओतण्याआधी दोन्हींची लेबलं वाचा, आणि अक्षरं बारीक असतात म्हणून घरातल्या पोरांना वाचायला लावा.