कमान आधी, अक्षर नंतर

(डाउनी, कॅलिफोर्निया. संध्याकाळ. रस्त्यापलीकडून स्थिर दृश्य. वाहतुकीचा आवाज.)

दिवेलागणीची वेळ आहे. लॉस एंजेलिसजवळच्या डाउनी गावात लेकवुड बुलेव्हार्ड आणि फ्लॉरेन्स अव्हेन्यू जिथे मिळतात, तो हा चौक. सिग्नलला गाड्या थांबल्यात आणि त्यांच्या डोक्यावर, ६० फूट उंच खांबावर, एक बुटका आचारी पळतोय. निऑनच्या नळ्या आळीपाळीने पेटतात, विझतात, आणि त्याचे पाय चालू लागतात. याचं नाव स्पीडी.

स्पीडीच्या पायथ्याशी मॅकडोनाल्ड्सचं रेस्टॉरंट आहे. या कंपनीच्या आज उभ्या असलेल्या रेस्टॉरंटांमध्ये हे सगळ्यात जुनं. १८ ऑगस्ट १९५३ रोजी उघडलं आणि अजून चालू आहे.

(कॅमेरा रस्त्याच्या कडेने हळूहळू सरकतो.)

आता इमारतीच्या दोन अंगांना असलेल्या या पिवळ्या कमानी बघा. समोरून त्या कमानी वाटतच नाहीत, दोन उभ्या पट्ट्या दिसतात. अगदी बाजूने पाहिलं तर एकीच्या मागे दुसरी झाकली जाते आणि एकच कमान उरते. आपण कोपऱ्याकडे सरकतोय... अजून थोडं... आणि हा बघा, इथे, तिरक्या नजरेतून दोघी एकमेकींत गुंतल्या. एम झाला.

जगभर ओळखला जाणारा तो पिवळा एम असा जन्माला आला. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला या एका कोनातून ही इमारत जशी दिसायची, तशी ती लोगोत उतरली. ज्यांनी तो एम फक्त कागदी पिशवीवर पाहिलाय, त्यांनी निदान एकदा तरी तो इथे, या कोपऱ्यावर पाहावा.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड हे दोघे भाऊ. सगळे त्यांना डिक आणि मॅक म्हणायचे. १९४० मध्ये त्यांनी सॅन बर्नार्डिनोला रेस्टॉरंट काढलं. धंदा जोरात होता. तरीही १९४८ मध्ये त्यांनी तो तीन महिने बंद ठेवला, गाडीपाशी येऊन ऑर्डर घेणाऱ्या मुलींची पद्धत मोडली, पदार्थांची यादी छाटली आणि १५ सेंटचा हॅम्बर्गर खिडकीतून हातात द्यायला सुरुवात केली. या झटपट पद्धतीची खूण म्हणून आला तो स्पीडी.

मग त्यांना या पद्धतीला शोभेल अशी इमारत हवी झाली. स्वयंपाकघराचा आराखडा त्यांनी घरामागच्या टेनिस कोर्टवर खडूने आखला, खऱ्या मापात. कामगारांना त्या रेघांमध्ये उभं केलं. शेगडी इथे, शेकची यंत्रं तिथे, खोटी खोटी ऑर्डर घ्यायची आणि खोटा खोटा बर्गर उलटायचा. पावलं कुठे अडखळतात ते बघून रेघा पुसायच्या, पुन्हा आखायच्या. सगळं जमलं आणि रात्री पावसाने खडू धुऊन नेला. त्यांनी ते सगळं परत आखलं.

बाहेरच्या रूपाचं काम आर्किटेक्ट स्टॅन्ले मेस्टन यांच्याकडे होतं. डिकला इमारत फार बसकी वाटत होती. त्याने कागदावर छपराच्या दोन बाजूंना दोन अर्धवर्तुळं काढली. मेस्टन आणि त्यांचे सहायक चार्ल्स फिश यांनी त्या गोल रेषेला उंच, निमुळता ताण दिला, तिचा परवलय केला. जॉर्ज डेक्स्टर या पाट्या बनवणाऱ्या कारागिराने तिच्यात पिवळा निऑन भरला. डिकचं रेखाचित्र, मेस्टन-फिश यांची वक्ररेषा, डेक्स्टरचा उजेड. एवढ्या हातांतून ही कमान गेली आहे आणि तिच्याकडे बघताना ही सगळी नावं घ्यायलाच हवीत.

(जवळून : लाल-पांढऱ्या टाइल्स, छपरातून आरपार गेलेली कमान.)

लाल-पांढरे पट्टे, तिरक्या काचा, पुढे झेपावणारं उतरतं छप्पर. या धाटणीला 'गूगी' म्हणतात. लॉस एंजेलिसमधल्या त्याच नावाच्या कॉफी शॉपवरून हे नाव पडलं. आर्किटेक्ट जॉन लॉटनर यांनी ते शॉप १९४९ मध्ये उभारलं होतं. माणसं मोटारीतून फिरू लागली होती, तेव्हा दुकानाला आपली ओळख क्षणात पटवून द्यावी लागायची. म्हणून इथे पाटी इमारतीवर अडकवलेली नाही. अख्खी इमारतच पाटी आहे.

कमानींचं पहिलं रेस्टॉरंट फिनिक्सला १९५३ च्या मे महिन्यात उघडलं. १९५५ मध्ये रे क्रॉक या विक्रेत्याने भावांच्या परवानगीने इलिनॉयमधल्या डेस प्लेन्सला आपलं पहिलं मॅकडोनाल्ड्स काढलं आणि १९६१ मध्ये भावांकडून २७ लाख डॉलरला अख्खा व्यवसाय विकत घेतला.

(पडद्यावर एकामागून एक लोगो.)

हा १९६२ चा लोगो. जिम शिंडलर यांनी काढलेला. यात दोन कमानी तर आहेतच, पण त्यांना छेदून जाणारी ही तिरकी रेघ बघा. ते छप्पर आहे. याच इमारतीचं छप्पर. आणि हा १९६८ चा. रेघ गेली, छप्पर गेलं, नुसता एम उरला. स्पीडी तर आधीच निवृत्त झाला होता. तशाच नावाचं दुसरं बाहुलं एका औषधाच्या जाहिरातींमध्ये होतं.

कमानीही जाणार होत्या. लुई चेस्किन या सल्लागारांनी त्या सोडू नका असं सांगितलं, म्हणून लोगोत तरी राहिल्या. इमारतींवरून मात्र उतरल्या. १९६५ मध्ये अमेरिकेत महामार्गांच्या सुशोभीकरणाचा कायदा झाला होता, रस्त्याकडेचा झगमगाट लोकांना खुपू लागला होता. गिऱ्हाइकाला आत बसायला जागाही हवी होती. तेव्हा विटांच्या भिंती आल्या, दोन टप्प्यांचं उतरतं मॅन्सार्ड छप्पर आलं. जुन्या इमारती एकेक करून पाडल्या किंवा बदलल्या गेल्या. डेस प्लेन्सची मूळ इमारत १९८४ मध्ये गेली, तिच्या जागी बांधलेली प्रतिकृतीही पुढे पाडली.

डाउनी वाचलं ते एका कागदामुळे. इथल्या चालकांचा करार थेट भावांशी झालेला होता, क्रॉक यांच्या कंपनीशी नाही. 'इमारत बदला' हा हुकूम या दारापर्यंत पोहोचलाच नाही. १९९० मध्ये कंपनीने हे रेस्टॉरंट घेतलं. १९९४ च्या भूकंपात ते हादरलं आणि बंद झालं. कंपनीने पाडायचं म्हटलं, पण लोक आडवे आले. त्याच वर्षी नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या ११ वास्तूंमध्ये याचं नाव घातलं. फास्ट फूडचं दुकान आणि ऐतिहासिक वास्तू! दुरुस्ती झाली, १९९६ च्या अखेरीस दारं पुन्हा उघडली.

(सेडोना, ॲरिझोना. त्यानंतर धावत्या गाडीतून आजची रेस्टॉरंटं.)

सेडोनात कमानी चक्क निळसर-हिरव्या आहेत. भोवतीच्या लाल डोंगरांशी पिवळा रंग भांडेल, असं गावाने ठरवलं. हा बदल मला पटतो, कारण तो जागा बघून केलेला आहे. पण या करड्या, चौकोनी पेट्या? एम उतरवला तर ही बँक की दवाखाना, काही कळणार नाही.

(पुन्हा डाउनी. आता पूर्ण अंधार.)

खिडकीशी रांग आहे. आत टेबलं नाहीत, गाडीतल्या गाडीत ऑर्डर घेणारी खिडकीही नाही. गाडीतून उतरायचं, कमानीखाली उभं राहायचं, पिशवी घ्यायची. या लहान मुलाच्या शर्टावर पिवळा उजेड पडलाय. तो वर बघतोय.

(इथून निवेदन नाही. स्पीडीचे पाय. निऑनची घरघर.)