पडद्यावरचं गवत

९ ऑगस्ट २००४ रोजी जपानमधल्या मिहामा अणुवीज केंद्रात टर्बाइनच्या इमारतीतला गरम पाण्याचा पाइप फुटला. पाच कामगार गेले. मुळात १० मिलिमीटर जाड असलेली पाइपची भिंत आतून झिजत काही जागी दीड मिलिमीटरच्याही खाली आली होती. ते युनिट १९७६ साली सुरू झालं तेव्हापासून त्या जागी जाडी कधी मोजलीच गेली नव्हती. तपासणीच्या यादीतून ती जागा सुटली होती.

मी आज बोलणार आहे ते याच्या पुढच्या धोक्याबद्दल. पत्र्यात अल्ट्रासोनिक ध्वनी सोडणारा प्रोब लावला, जाडी मोजणाऱ्या गेजने आकडा दिला, आपण तो वहीत लिहिला, आणि तरी गंज निसटला.

गणित साधं आहे. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५९०० मीटर जातो. १० मिलिमीटरच्या पत्र्यात मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायला त्याला साधारण ३.४ मायक्रोसेकंद लागतात. वेळेला वेगाने गुणा, दोनाने भागा, झाली जाडी. पण मागची भिंत गुळगुळीत असेल तर. खड्डे पडलेली भिंत ध्वनी सरळ परत देत नाही, चहूकडे उधळते. मग पडद्यावर टोकदार एकोच्या, म्हणजे परतलेल्या ध्वनीच्या खुणेच्या, जागी बुटका, पसरट, दोन-तीन शेंड्यांचा उंचवटा दिसतो आणि त्याच्या पायाशी बारीक रेघांचं गवत माजतं. आपण त्याला इंग्रजीतला ग्रासच म्हणतो.

समुद्रकाठच्या एका टाकीच्या तळपत्र्यावर आमचं गेज ७.९ मिलिमीटर दाखवत होतं. सलग तीनदा ७.९. मी लिहायला पेन उचललं तेवढ्यात आमच्या वरिष्ठांनी ए-स्कॅन, म्हणजे परतलेल्या ध्वनीचा आलेख, लावायला सांगितला. त्या एकोच्या अलीकडे, गवतात दबलेला, एक लहानसा उंचवटा होता. गेन ६ डेसिबल वाढवला, म्हणजे सगळंच दुप्पट उंच झालं, गवतसुद्धा. मग प्रोब अगदी हळू सरकवला. गवत जागच्या जागी लवलवत राहिलं, उंचवटा मात्र चालू लागला: ५.५, ४.८, ४.२. खालून खड्डा पडला होता. त्याचा एको इतका दुबळा होता की गेजने तो मोजलाच नाही आणि शेजारच्या धडधाकट पत्र्याची जाडी सांगितली. त्या दिवसापासून नुसत्या आकड्यावर मी सही केलेली नाही.

मुलं मला विचारतात, सर, ॲव्हरेजिंग वाढवलं की नॉइज, म्हणजे हे गवत, जाईल ना? अर्धी जाईल. उपकरणातली, शेजारच्या वेल्डिंग मशीनची नॉइज दर वेळी वेगळी असते. ६४ वेळा सरासरी घेतली की ती आठपट दबते. पण धातूच्या कणांवरून येणारा विखुरलेला ध्वनी प्रोब जागेवर असेपर्यंत दर वेळी हुबेहूब तोच असतो. त्याची ६४ काय, हजार वेळा सरासरी घ्या, तो तसाच राहील. तिथे प्रोब हलवावा लागतो, किंवा फ्रिक्वेन्सी बदलावी लागते. खरबरीत कणांच्या स्टेनलेस कास्टिंगवर ५ मेगाहर्ट्‌झने काही दिसेना, तर २.२५ने बघा.

आणि ज्या चुका जाडी वाढवून दाखवतात त्यांची मला जास्त भीती वाटते. बाहेरून खड्डे असतील तर त्यांत प्रोबखाली लावलेलं जेल भरतं. जेलमध्ये ध्वनीचा वेग पोलादातल्या वेगाच्या साधारण पाव, म्हणून अर्धा मिलिमीटर जेल गेजला दोन मिलिमीटर पोलाद वाटतं. रंगाच्या थराचंही तेच, तो अडीचपट मोजला जातो; तिथे एको-टू-एको लावा, म्हणजे लागोपाठच्या दोन एकोंमधली वेळ मोजा, मात्र दुसरा एको स्वच्छ मिळत असेल तरच. पत्रा मिलिमीटरभर उरला असेल तर ट्विन प्रोब (ध्वनी सोडणारा आणि ऐकणारा भाग वेगळा असलेला) पहिला एको सोडून दुसरा पकडतो आणि दोन मिलिमीटर सांगतो. म्हणजे पाइप जेव्हा सर्वात पातळ असतो, तेव्हाच गेज तुम्हाला धीर देतं.

आता पुढे या. टेबलावर गंजलेल्या पाइपचा एक तुकडा आहे, एका बाजूने कापलेला, आतले खड्डे डोळ्यांनी दिसतील असा. आधी त्याच्या पाठीवर प्रोब फिरवा, पडदा बघा, आणि मगच तो उलटा करा.