आधी पाणी, मग कात्री

शिक्षक मित्रहो, सातवी-आठवीच्या मुलांना हृदयाची आकृती पाठ असते, तिचे चार कप्पे आणि लाल-निळे बाण ती बिनचूक काढतात. पण झडपेतून रक्त मागे का येत नाही, असे विचारले की वर्ग गप्प होतो. याचे उत्तर बोकडाच्या हृदयात प्रत्यक्ष पाहता येते. मात्र त्यासाठी कात्री सर्वांत शेवटी हातात घ्यावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

खाटकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे, कारण एरवी हृदयाला चिरा दिलेल्या असतात आणि वरच्या वाहिन्या मुळाशी छाटलेल्या असतात. हा बोकड प्रयोगासाठी मारलेला नाही, हे मुलांना आणि पालकांनाही आधी सांगावे. तरीही ज्याला हात लावायचा नसेल त्याच्यावर सक्ती नको. नोंदी लिहिणारा विद्यार्थीही प्रयोगच करत असतो.

हृदय ट्रेमध्ये ठेवले की मुले निळी बाजू शोधू लागतात आणि ती सापडत नाही. अशा वेळी दोन्ही बाजू बोटांनी दाबून पाहायला सांगावे. उजवी बाजू दबते, डावी घट्ट लागते, कारण उजव्या निलयाला, म्हणजे खालच्या कप्प्याला, रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत ढकलायचे असते, तर डाव्याला साऱ्या शरीरभर.

मग आतल्या रक्ताच्या गाठी धुऊन महाधमनीत, म्हणजे डाव्या निलयातून शरीराकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिनीत, वरून पाणी ओतावे. ते खाली निलयात न उतरता तिथेच साठते आणि अर्धचंद्राकृती तीन पडदे एकमेकांना भिडलेले दिसतात. या पडद्यांना मिटवणारा स्नायू कुठेही नाही. मागे फिरलेले पाणीच त्यांना मिटवते. हे मुलांनी स्वतःच्या तोंडून म्हणेपर्यंत थांबावे, पुढे जाण्याची घाई करू नये.

त्यानंतर बोथट टोकाच्या कात्रीने निलय उघडावा. आतले पांढरे दोरे मुलांना ओढून पाहू द्यावेत, ते सहसा तुटत नाहीत. वाऱ्यात छत्री उलटते तशी अलिंद (वरचा कप्पा) आणि निलय यांच्यामधली झडप अलिंदात उलटू नये, म्हणून हे दोरे तिला धरून ठेवतात. इथे विल्यम हार्वेचे नाव घ्यावे. १६२८ साली त्याने रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला, तेव्हा झडपांच्या रचनेबरोबरच त्याने साध्या गुणाकाराचाही आधार घेतला होता. तसाच गुणाकार मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा: प्रौढ माणसात एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे सुमारे ५ लिटर. शरीरात एकूण रक्तही साधारण तेवढेच असते; तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे, हा निष्कर्ष मुले आपणहून काढतात.

शेवटी महाधमनी उभी चिरून झडपेच्या लगेच वर दिसणारी दोन बारीक छिद्रे दाखवावीत. त्यांत झाडूची काडी अलगद सरकवली की ती हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या धमनीत शिरते. बहुतेक वर्गांत याच वेळी कोणीतरी आजोबांच्या अँजिओप्लास्टीबद्दल विचारते. त्या मुलाला काडी हातात द्यावी आणि मनगटातून किंवा जांघेतून घातलेली नळी महाधमनीतून नेमकी याच छिद्रापर्यंत आणली जाते, हे तिथेच दाखवावे.