व्हिसा झाला, आता बोला!

नमस्कार मंडळी! पुण्यात कुठल्याही जपानी क्लासच्या जिन्यात पाच मिनिटं थांबा, एक प्रश्न हमखास कानावर येतो, इंजिनिअर म्हणून जपानला जायचंय तर व्हिसाला एन-टू लागतंच का हो? एन-टू म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एक पातळी, एन-फाइव्ह सगळ्यात सोपी, एन-वन सगळ्यात अवघड. तर नुसतं टेक्निकल काम असेल तर जेएलपीटी ही सरसकट अट नाहीये. इमिग्रेशनवाले बघतात काय, तर डिग्री कामाशी जुळते का, डिग्री नसेल तर 10 वर्षांचा अनुभव आहे का, आणि पगार जपानी माणसाच्या बरोबरीचा देतायत का. दुभाष्याचं वगैरे काम असेल तर गोष्ट वेगळी. गोंधळ होतो तो 2019 साली सुरू झालेल्या स्पेसिफाइड स्किल्ड वर्करच्या व्हिसामुळे, हॉटेल, शेती, केअरगिव्हर असली कामं, तिथं एन-फोर किंवा त्या तोडीची परीक्षा लागते. हायली स्किल्ड, म्हणजे उच्च कौशल्याच्या व्हिसावाल्यांचे शिक्षण, अनुभव, पगार असे पॉइंट मोजतात, 70 हवेत, त्यात एन-वनचे 15 आणि एन-टूचे 10, म्हणजे तिथं भाषा हा बोनस झाला.

भाषेची खरी अट घालते ती कंपनी. आणि गंमत अशी की जेएलपीटीत बोलायचा पेपरच नाही! वाचा, ऐका, गोल काळे करा. मी एन-टूचं सर्टिफिकेट घेऊन ऐटीत गेलो, पहिल्याच मीटिंगला क्लायंट एका फीचरबद्दल दातातून श्वास ओढत म्हणाला, "मुझुकाशी देस ने..." अवघड आहे. मी टीमला सांगितलं, अवघड आहे म्हणतायत पण आपण करून दाखवू, शनिवार-रविवार बसून केलं, आणि सोमवारी त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, हे कोणी सांगितलं होतं? अहो तो नकार होता! आपणही नाही का म्हणत, "अवघड आहे रे बाबा", म्हणजे विषय संपला. मराठी माणसाला हे कळायला हवं होतं की नाही!

तसं व्याकरण आपल्याला सोपं जातं, क्रियापद शेवटी, "तोक्यो नी" म्हणजे टोक्योला, प्रत्यय आपल्यासारखेच शब्दाच्या मागं. रडवते ती कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, आणि स्पेकचं डॉक्युमेंट, म्हणजे काय बनवायचं ते लिहिलेला कागद, त्यानंच भरलेलं असतं.

हल्ली मी जाणाऱ्या पोरांकडून आधी एकच वाक्य घोटून घेतो, "मोउ इचिदो ओनेगाइशिमास", परत एकदा सांगता का. तेव्हा मला हेच सुचलं नाही, नुसती मान डोलावली.