निळा दगड आणि त्याचे शेजारी

मित्रहो, कॅव्हनसाइट आणि पेंटागोनाइट ही दोन निळी खनिजे खाणीवरच कशी ओळखावीत, हा आजचा जाहीर विषय आहे. परंतु मनात सलणारी एक गोष्ट आधी सांगितल्यावाचून मला राहवणार नाही.

माझ्या ओळखीच्या एका मुलाने पहिल्या पगारातून मुंबईतल्याच एका पदपथावरून 'दुर्मीळ कॅव्हनसाइट' विकत घेतला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून मोठ्या आनंदाने मला दाखवायला आणला. काळ्या दगडाच्या वाटीत गडद निळे, कापसासारखे गोळे होते. दहापट भिंगाखाली धरताच दिसले की निळाई तंतूंच्या मुळाशी साकळली आहे, इतकेच नव्हे, तर शेजारच्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या भेगेतही उतरली आहे. तो रंगवलेला ओकेनाइट, म्हणजे मुळात पांढरे असलेले वेगळेच खनिज होते. मुलाचे पैसे गेले याचे वाईट वाटलेच, पण त्याहून वाईट वाटले ते त्या दगडाचे. मालाड-जोगेश्वरीच्या खाणींनी प्रेहनाइट, गायरोलाइट या खनिजांसोबत दिलेला, बोट लागले तरी मोडणाऱ्या केसांसारख्या स्फटिकांचा शुभ्र ओकेनाइट ही आपल्या मुंबईची खरी दौलत आहे. तिला शाईत बुडवून दुसऱ्याचे नाव द्यावे, हे मला सहन होत नाही.

म्हणून माझे सांगणे असे, की रंग शेवटी पाहावा आणि शेजारी, म्हणजे सोबतची खनिजे, आधी पाहावीत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत कॅव्हनसाइट बहुधा पांढऱ्या किंवा फिकट पीच रंगाच्या स्टिलबाइट या खनिजावर, कधी ह्युलँडाइट या दुसऱ्या खनिजाच्या संगतीत बसलेला सापडतो. पोकळीत पाहावे, तसेच तुटून पुन्हा सांधल्या गेलेल्या खडकाच्या फटींतही पाहावे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील ऑरेगनमध्ये 1967 साली कॅव्हनसाइट मिळाला, 1973 साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले; कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरे मिळून हे नाव बनले. पेंटागोनाइटचे रासायनिक सूत्र अगदी तेच आहे, फरक आहे तो अणूंच्या रचनेत. त्यामुळे रंगावरून निवाडा होत नाही, आकारावरून होतो. कॅव्हनसाइटचे आखूड स्फटिक दाटीने जमून गोंड्यासारखे गोल होतात. पेंटागोनाइटची पाती लांबट आणि सुटी असतात, आणि जोडस्फटिक, म्हणजे एकमेकांत जुळून वाढलेले स्फटिक, असेल तर टोकाकडून पाहताना पाच कोनांची चांदणी दिसते. कॅव्हनसाइटची कठिणता 1 ते 10 च्या मोह्झ मोजपट्टीवर जेमतेम 3 ते 4 आहे, म्हणून चाकूने ओरखडा काढून पाहू नये आणि बुडाचा स्टिलबाइटही तासून टाकू नये.

तिन्ही नमुने टेबलावर मांडले आहेत, भिंगही तिथेच आहे. फक्त पांढऱ्या ओकेनाइटला कृपया हात लावू नका.