घराचे नियम आणि न सांगितलेले युद्ध

श्रोतेहो, बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी घरांना युद्ध परके नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या बेळगावातच आहे आणि बापामागून मुलगा, मुलामागून नातू अशी पलटणीत गेलेली घराणी गावोगाव आढळतात. त्यांच्या सोप्यात गणवेशातला फोटो असतो, काचेच्या चौकटीत पदके असतात, आणि केरेन, इटली, जमालपूर ही रणांगणांची नावे भूगोलाच्या पुस्तकाआधीच मुलांच्या कानांवर पडतात. शौर्याला आपण भरपूर जागा दिली. त्याच माणसाबरोबर जी भीती घरी आली, तिला मात्र कुठे बसवावे हे आपल्याला कळले नाही, आणि ती घराच्या नियमांत जाऊन बसली, असे माझे म्हणणे आहे.

नियम म्हणजे काय, ते सांगतो. ‘आज्जास्नी हात लावून उठवू नकोस, पायथ्याशी उभारून हाक मार.’ खंदकात महिनोन्‌महिने सावध झोपलेल्या माणसाला कुणी अचानक हात लावला, तर तो जागा होण्याआधी त्याचा हात उगारला जातो. पहिल्या पिढीतल्या बायकोने हे अनुभवाने ओळखले, दुसऱ्या पिढीतल्या मुलाला ते ताकीद म्हणून मिळाले, आणि तिसऱ्या पिढीतल्या नातवाला कारण माहीत नसतानाही झोपलेल्या वडीलधाऱ्यांची भीती वाटू लागली. युद्धाची हकीकत वाटेत गळून पडली आणि तिच्यातून जन्मलेली दक्षता तेवढी पुढे गेली. लग्नाच्या वरातीत फटाके वाजू लागले की एखाद्या घरातली खिडक्या लावून घेण्याची घाई, परतायला उशीर झालेल्या मुलावर ओढवणारा अवाजवी संताप, पुरुषमाणसाच्या डोळ्यांत पाणी आले की साऱ्या घराने फिरवलेले तोंड, ही याच जातीची उदाहरणे आहेत.

पहिल्या महायुद्धातील कूतचा वेढा पाहा. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ रोजी झालेल्या शरणागतीपर्यंत मेसोपोटेमियातील त्या गावात अडकलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. शिधा घटत गेला, खायला घोड्याचे मांस आले, आणि धर्मामुळे अनेक हिंदी शिपायांनी ते दीर्घकाळ नाकारले. उपासमार आणि स्कर्व्हीने खंगलेले सुमारे १३ हजार सैनिक अखेर कैद झाले आणि त्यांपैकी हजारो जण कैदेतच मेले. अशा ठिकाणाहून परतलेल्या माणसाच्या घरात ताटातल्या शिताविषयी कडक शिस्त असेल, तर नवल नाही. तरीही इथे सावध राहायला हवे. १८९९-१९०० चा दुष्काळ, प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा याच पिढ्यांनी सोसला. त्यामुळे अन्नाविषयीची प्रत्येक धास्ती युद्धाच्या खात्यावर मांडणे हा इतिहासावर अन्याय होईल.

‘हे रक्तातून उतरते का?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. दुसऱ्या महायुद्धातील नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या मुलांमध्ये मानसिक त्रास दिसतो, असे कॅनडातील मानसोपचारतज्ज्ञ व्हिव्हियन रॅकॉफ यांनी १९६६ मध्ये नोंदवले. पुढे अमेरिकेतील संशोधक रेचल येहुदा यांच्या गटाने अशा ३२ व्यक्ती आणि त्यांची २२ मुले यांच्या रक्ताची तपासणी करून, ताणाच्या प्रतिसादाशी संबंधित एका जनुकावरील रासायनिक खुणांत फरक आढळल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. वर्तमानपत्रांनी त्याचा मोठा गाजावाजा केला. पण एवढ्या लहान संख्येवर एवढा मोठा निष्कर्ष उभा राहत नाही, अशी टीकाही तेव्हाच झाली आणि मला ती रास्त वाटते. अमेरिकी यादवी युद्धातील कैद्यांचा अभ्यास त्याहून मोठा आहे. अत्यंत वाईट अवस्थेत कैद भोगलेल्या सैनिकांच्या, युद्धानंतर जन्मलेल्या मुलग्यांचे उतारवयातील मृत्युप्रमाण इतर सैनिकांच्या मुलग्यांपेक्षा जास्त होते. मुलींमध्ये तसा फरक दिसला नाही. शरीराची वाट पूर्णपणे नाकारता येत नाही, पण ती अजून अंधुक आहे. घरातल्या वागण्याची वाट मात्र आपल्या डोळ्यांसमोर आहे आणि तिथे काही करणे आपल्या हातात आहे.

या वाटेवर मौन सर्वांत जास्त काम करते. इस्रायली मानसशास्त्रज्ञ डॅन बार-ऑन यांनी त्याला दुहेरी भिंत म्हटले: आईवडील सांगत नाहीत, आणि विचारले तर त्यांना दुखेल म्हणून मुले विचारत नाहीत. आपल्याकडे या भिंतीला पलटणीच्या इभ्रतीचा गिलावा असतो. १९७१ च्या युद्धातून परतलेल्या जवानाला रात्री दचकून उठण्याचे नाव सांगणार कोण? आज ज्याला पीटीएसडी, म्हणजे भीषण आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार म्हणतात, ते निदान अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या अधिकृत यादीत आले तेच १९८० मध्ये. तोवर पेन्शनीत आलेल्या कित्येक जवानांनी औषध म्हणून कॅन्टीनची बाटली जवळ केली होती आणि घराने त्याला व्यसन म्हटले होते. उलट, काही घरांत सांगणे इतके जास्त होते की मुलगा श्रोता न राहता वडिलांच्या मेलेल्या सोबत्यांचा रखवालदार होतो. तोही भारच.

बायकांच्या वाट्याला आलेले युद्ध तर कोणत्याच नोंदवहीत नाही. १९६२, १९६५, १९७१ या वर्षांत तारवाल्याची सायकल गल्लीत शिरली की हातातले काम थांबत असे. सीमेवर नवरा जिवंत असतानाही त्या रोज थोडे थोडे वैधव्य जगत होत्या, आणि मांडीवरचे मूल आईच्या थांबलेल्या श्वासावरूनच जग ओळखायला शिकत होते. पुढे तारेच्या जागी फोन आला. अवेळी वाजलेल्या फोनने आज साठीत असलेल्या त्या मुलाच्या छातीत धस्स होते, ते का, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

यावर उपाय करताना म्हाताऱ्या माणसाला समोर बसवून त्याच्याकडून सगळे वदवून घेण्याचा अट्टाहास करू नये. काहींना ते झेपत नाही. नियमामागचे कारण मुलांच्या वयाला पेलेल एवढे सांगावे: आज्जा लढाईत होते, म्हणून झोपेत दचकतात, तुझ्यावर रागावलेले नाहीत. त्रास जास्त असेल तर आपल्या जवळ धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आहे, आणि १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर घरबसल्या बोलता येते. बाजारात आपण कन्नड सहज बोलतो, पण स्वप्न सांगायची वेळ आली की माणूस मराठीत सांगतो, म्हणून सोबत दोन्ही भाषा येणारे घरचे माणूस असावे. आणि डॉक्टरांनी घराण्यातल्या साखरेची, रक्तदाबाची चौकशी केली की आजोबा कोणत्या आघाडीवर होते आणि परतल्यावर किती वर्षे नीट झोपले नाहीत, हेही त्यांना सांगावे.